चौथ्या खणातला आवाज

पारीसा मगदूमनं आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग मोबाईल. आता तो गळे दुरुस्त करत होता.

कुरुंदवाडच्या एस.टी. स्टँडासमोर त्याचं दुकान. वरची पाटी अजून ‘मगदूम रेडिओज’ अशीच होती. ती बदलायला वेळ मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर मनही झालं नाही. समोर विजेवरच्या एस.टी. चार्जिंगला लागलेल्या असायच्या आणि त्यांच्या सावलीत कंडक्टर लोक तंबाखूचा मावा मळत बसायचे. त्यांच्याकडं बघून पारीसा म्हणायचा, “मळा, मळा. गिऱ्हाईक तयार होतंय.”

थट्टा होती, पण खोटी नव्हती. मावा-गुटख्यापायी गळा गमावलेली शंभरएक माणसं तालुक्यात होती. डॉक्टर स्वरयंत्र काढून टाकायचे, जीव वाचायचा, बोलणं जायचं. मग गळपट्टी आली. बोटभर रुंदीचा पट्टा, गळ्याभोवती बांधायचा. माणूस बोलायला गेला की गळ्याचे, जबड्याचे स्नायू हलतात. पट्टी ते हलणं वाचते आणि त्याचा आवाज करते. तोही त्याच माणसाचा, कारण ऑपरेशनच्या आधी आठ दिवस दवाखान्यात बसवून त्याच्याकडून पुस्तकंच्या पुस्तकं वाचून घ्यायचे आणि तो आवाज पट्टीत भरून ठेवायचे. चहावाला दस्तगीर अशाच पट्टीतून स्टँडभर ओरडायचा आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

पारीसाची शाळा सातवीत सुटली. त्यानं शाळा सोडली की शाळेनं त्याला, यावर त्याच्या आईचं आणि मास्तरांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. पण यंत्राच्या पोटात हात घातला की ते त्याच्याशी बोलायचं. आणि आता इंग्रजी वाचून दाखवणारं भिंग मिळत होतं. अक्षरांवर धरलं की शुद्ध मराठीत सांगायचं, अगदी कीर्तनकारासारखं. त्यामुळं त्याचं अडत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी नऊला रंगराव चौगुले आला, मागं त्याची बायको सुलाबाई. रंगराव म्हणजे कुस्त्यांच्या मैदानातला निवेदक. आखाड्याच्या कडेला माईक घेऊन उभा राहिला की गडी हरला तरी त्याची आई रडायची नाही, असं तो हरणं सांगायचा. सहा वर्षांमागं त्याचा गळा गेला, पट्टी आली, आणि पट्टीवर तो आधीपेक्षा जास्त गाजला. आज दुपारी तीनला शिरढोणच्या यात्रेचं मैदान होतं. पोस्टरवर पैलवानांच्या खाली त्याचा फोटो होता, फेट्यासकट.

आज पट्टी त्याच्या गळ्यात नव्हती, सुलाबाईच्या हातात होती. त्यानं फोन काढला, बोटानं काहीतरी लिहिलं आणि दाबलं. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, “पारीसा, माझी पट्टी बंद पडली आहे, कृपया बघ.”

दस्तगीर चहा घेऊन आला होता, तो फसकन हसला. “अण्णा, आज साडी नेसून जावा मैदानाला.”

रंगरावनं फोन खिशात घातला तो परत काढलाच नाही. पारीसानं कामं लिहायची पाटी पुसून खडूसकट त्याच्यासमोर ठेवली.

“काय झालं वहिनी?” त्यानं सुलाबाईला विचारलं.

“काल आखाड्याची माती मळायची हुती,” ती म्हणाली. “ताक, तेल, लिंबू, हळद. दरसाल पहिला पाय ह्येंचा असतोय. पट्टीला तेलकट लागंल म्हणून ह्येंनी काढली आन् बंद करून माझ्याकडं दिली. पाय धुऊन आलं, चालू केली, तर नारिंगी लाइट आन् मुकी. घरी येऊन परत चालू केली, परत तसंच.”

पारीसाचा हात थांबला. “तिसऱ्यांदा केली?”

“करणार हुते. मी जुंधळ्याच्या डब्यात लपवली. म्हटलं, सकाळी भावजीच काय ते करतील.”

“वहिनी,” पारीसा म्हणाला, “त्या डब्याला हार घाला.”

मग त्यानं दोघांना खाली बसवलं आणि सांगितलं. पट्टी चालू केली की सगळ्यात आधी तिच्यातला एक एवढासा प्रोग्राम जागा होतो. पारीसा त्याला जागल्या म्हणायचा. त्याचं काम फक्त उठायचं आणि बाकीच्यांना उठवायचं. प्रोग्राम कुठल्या खणात आहे, आवाज कुठल्या खणात आहे, हे बघून तो एकेकाला हाक मारतो. आवाजाचा खण सापडला नाही तर नारिंगी लाइट लावून गप्प बसतो. असं लागोपाठ तीनदा झालं, की ही पट्टी आता दुसऱ्या कुणाला दिलीय असं तो धरून चालतो आणि सगळे खण पुसून कारखान्याचा कोरा आवाज भरतो.

“हे असलं आचरट कुणी ठरवलं?” सुलाबाई म्हणाली.

“आचरट न्हवं. एकाचा आवाज दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून केलंय. तुमच्या माघारी ह्येंच्या आवाजात कुणीबी काय बोललं तर?”

“मग पट्टीच्या कंपनीकडं आवाज नसंल का ठेवलेला?”

“कंपनी गुंडाळून तीन वर्सं झाली. आता जे हाय ते ह्या पट्टीत.”

रंगरावनं पाटीवर लिहिलं: म्हंजे एकदाच.

“एकदाच,” पारीसा म्हणाला.

त्यानं पट्टी उलटी केली, भिंग लावलं. पट्टीच्या कडेला पांढऱ्या डिंकाचा ओघळ होता, आणि तो डिंक त्याचा स्वतःचाच होता.

महिन्यामागं रंगराव आला होता तो हलगीसाठी. त्याच्या जोडीचा हलगीवाला बाबू मांग मुलाकडं सुरतेला गेला होता आणि हलगीशिवाय रंगरावच्या बोलण्याला उठाव येईना. पारीसानं जुन्या मैदानांच्या रेकॉर्डिंगमधली बाबूची हलगी एका मेमरी कार्डात भरली. पट्टीला एक रिकामी खाच असते, तिच्यात ते सरकवलं. रंगराव पट्टी बंद करू देईना, त्याला बोलत बसायचं होतं, म्हणून चालू पट्टीतच घातलं. लगेच हलगी वाजली. मग घाम आणि लाल माती आत जाऊ नये म्हणून त्यानं खाच डिंकानं भरून टाकली. रंगराव खूश झाला. महिनाभर तो पट्टी रात्री चार्जिंगला लावायचा, पण बंद कधी करत नव्हता. महिनाभर जागल्याला उठायची वेळच आली नाही. काल पहिल्यांदा आली.

पारीसानं चार तारांचा चिमटा पट्टीच्या उघड्या पायांना, म्हणजे तारा जोडायच्या टोकांना, लावला आणि लॅपटॉपवर जागल्याची वही उघडली. ही वही वेगळ्या टिकलीएवढ्या चिपमध्ये असते, तिला वाचता येतं, तिच्यात लिहिताही येतं. तिच्यात झाड असतं. खरं झाड नाही, यंत्राचं झाड. बुंध्याला फांद्या, फांदीला डहाळ्या. कुठल्या तारेवर काय लटकलंय, कुणाच्या पोटात कोण आहे, सगळं ओळीनं लिहिलेलं. प्रत्येक डहाळीवर तो भाग चालू की बंद, हेही. पारीसा भिंग धरत धरत खाली गेला. पहिल्या तारेवर खाच, जिच्यात त्यानं हलगीचं कार्ड घातलं होतं. दुसऱ्या तारेवर जुनी साठवण, आवाजाची. आणि जागल्याला दिलेला हुकूम: पहिल्या साठवणीतला तिसरा खण उघड.

पारीसा मागं टेकला.

“अण्णा, चूक माझी हाय.”

रंगरावनं मान वर केली.

“खाच रिकामी हुती तवर तुझी जुनी साठवण पहिली हुती. मी कार्ड घातलं, ते पहिल्या तारेवर, म्हंजे आता ते पहिलं झालं. तुझा आवाज दुसरा झाला. जागल्या बिचारा हुकमापरमाणं पहिलीत जातोय आन् तिसरा खण शोधतोय. तितं एकच खण. त्यात बाबूची हलगी.”

सुलाबाईनं क्षणभर विचार केला. “आमच्या गल्लीत तोंडालाच मुलाण्यांनी नवं घर बांधलं तवा पंचायतीनं परत नंबर टाकलं. आमचं पत्र शेजारी जायला लागलं.”

“तेच की.”

“जुना पोस्टमन हुता तवा असं कवा झालं न्हाई. त्यो नंबर बघायचाच न्हाई. विहिरीच्या अंगाला, दारात चिंच, चौगुल्याचं घर. झालं.”

पारीसा तिच्याकडं बघत राहिला. तो तेच करणार होता, पण इतक्या सोप्या शब्दांत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

रंगरावनं पाटी पुढं केली. कार्ड काढ की मग.

“काढलं असतं. पण डिंक आत वघळलाय, जुन्या साठवणीच्या पायापतूर गेलाय. कार्ड वडायला गेलो तर तिचा एखादा पाय तुटंल. खाचंला झाडातच बंद असं लिहिता येतंय, पण मग नंबर माघारी सरकतोय का ती जागा रिकामी धरतोय, ते मला ठावं न्हाई. आन् बघायला एकच संधी.” त्यानं बाह्या सारल्या. “म्हणून नंबरच काढून टाकायचा. जागल्याला सांगायचं, दुसऱ्या तारंवर जी लटकलीय तिच्याकडं जा, आन् तिच्या पोटात ज्या खणावर आवाजाची पाटी हाय तोच उघड. पुढं कुणीबी नवीन घर बांधू दे.”

रंगरावनं लिहिलं: अक्कल महिन्याआधी कुठं होती.

“सातवीत ऱ्हायली,” पारीसा म्हणाला. त्याबरोबर रंगराव हसला. आवाज न होता खांदे हलले.

पारीसानं दुसऱ्या तारेची डहाळी उघडली. तिच्याखाली खणांच्या पाट्या ओळीनं होत्या. भिंग वाचत गेलं. पहिला, व्यवस्था. दुसरा, मुख्य आज्ञावली. तिसरा, ध्वनी सजीव.

“सजीव म्हंजे?” सुलाबाई म्हणाली. “मग दुसरा काय मेलेला हाय?”

आणि भिंग म्हणालं, “चौथा. ध्वनी मूळ.”

पारीसानं भिंग बाजूला ठेवलं. असे दोन खण त्यानं याआधी बघितले नव्हते. नवीन पट्ट्यांत एकच असायचा. ही जुन्या धाटणीची होती. त्यानं चौथ्या खणाची पाटी नीट बघितली. तारीख ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची, आणि त्यानंतर एकदाही कुणी उघडला नव्हता.

गप्प राहिला असता तर काही बिघडलं नसतं. तिसऱ्या खणाची पाटी लिहायची, पट्टी उठवायची, दोघं तीनच्या आत शिरढोणला. पण महिन्यामागं एक गोष्ट न विचारता केली होती आणि तिचा डिंक अजून समोर दिसत होता.

“अण्णा, वहिनी, ऐका. पट्टी शिकत असती. तुम्ही जसं बोलाल, जिथं बोलाल, तसा आवाज रोज थोडा बदलती. मैदानात बोलला तर मैदानाजोगा. अण्णांचा आज जो आवाज हाय, त्यो सहा वर्सं शिकलेला. तिसऱ्या खणातला. चौथ्यात हाय त्यो दवाखान्यात घेतलेला. तसाच हाय, हात न लावलेला.”

सुलाबाईनं पदर नीट केला. “त्यो, जरा घोगरा? बोलताना मधीच खाकरायचा?”

“आजारी हुता तवा. असंल तसा.”

“आणि ह्यो आता हाय त्यो काय वाईट न्हाई,” ती घाईनं म्हणाली, जणू तो आवाजच ऐकत बसला होता. “चांगलाच हाय. लांबवर जातोय. फकस्त मला हाक मारली की वाटतंय, कुठल्यातरी पैलवानाला आखाड्यात बोलावल्यात.”

रंगराव तिच्याकडं वळला. सहा वर्षांत हे त्याला तिनं कधी सांगितलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“ह्यात एक अडचण हाय,” पारीसा म्हणाला. “ज्या खणातनं जागल्या उठवतोय त्याच खणात पट्टी पुढचं शिकलेलं लिहिती. चौथा उघडला की त्योबी पहिल्या शब्दापास्नं बदलायला लागंल. न्हाई उघडला तर तसाच ऱ्हाईल, पण कुणाला ऐकायला मिळणार न्हाई. त्या खणाला कुलूप हाय. नुसता उघडून ऐकता येत न्हाई, गळ्यात घालूनच.”

“मग नको,” सुलाबाई म्हणाली. “मैदान हाय आज. लोकं कुणाला ऐकायला येणारायत? तिसराच ठेवा. ऱ्हाऊ दे त्यो तितं. हाय म्हणून कळलं, लई झालं.”

पारीसानं रंगरावकडं बघितलं. रंगरावनं पाटी पुसली. बाहेर एक एस.टी. मागं घेताना पिकपिक करत होती. मग त्यानं खडू उचलला, पाटीवर एकच आकडा काढला आणि ती बायकोला दिसू नये अशी धरून पारीसाला दाखवली. चार.

“मैदानाचं काय?”

रंगरावनं खांदे उडवले.

पारीसानं लिहायला घेतलं. अक्षर चुकलं तर पाटी सापडणार नाही, पाटी सापडली नाही तर सगळं पुसलं जाईल. त्यानं ओळ लिहिली, भिंगाकडून वाचून घेतली, मग उलटीकडून एकेक अक्षर वाचून घेतलं. दस्तगीरला बोलावून त्यालाही वाचायला लावली. दस्तगीरची पोरगी इंग्रजी शाळेत होती, तेवढ्यावर त्याची छाती पुढं होती. ओळ बरोबर होती. पारीसानं चिमटा काढला, पट्टी रंगरावच्या गळ्यात बांधली आणि हात मागं घेतला.

“तूच दाब. मी न्हाई दाबणार.”

रंगरावनं दाबलं. नारिंगी लाइट लागला. सुलाबाईनं डोळे मिटले. लाइट तसाच राहिला, एक श्वास, दोन श्वास. जागल्या आत फांदीवरून डहाळीवर जात असणार, पाट्या वाचत. मग लाइट हिरवा झाला.

रंगरावनं ओठ हलवले.

“सुले,” पट्टी म्हणाली, आणि मधेच खाकरल्यासारखं अडखळली. “सुले, उशीर झाला. चल.”

घोगरा, थकलेला, बसलेला आवाज. दवाखान्याच्या खोलीत उद्याची भीती मनात घेऊन धडे वाचणाऱ्या माणसाचा. सुलाबाई उठली, चपला घातल्या, आणि एकदम मागं वळून दुकानातल्या कॅलेंडराकडं बघत उभी राहिली. कुठलं साल चालू आहे ते बघत होती.

दुपारी पारीसा दुकान बंद करून शिरढोणला गेला. न जाऊन करतो काय. कुस्तीचा लाल मातीचा हौदा पाणी मारून तयार होता, माणसं झाडावर, ट्रॉल्यांवर, पत्र्यांवर चढली होती. रंगरावनं माईक घेतला आणि पहिलं वाक्य बोलला तेव्हा पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, “आज कुणाला आणलंय?”

पहिल्या तीन कुस्त्या वाईट गेल्या. आवाज लांब जाईना. नव्या पैलवानांची नावं अडखळत यायची. दानोळीच्या गड्याचं आडनाव तर पट्टीनं दोन तुकडे करून टाकलं. मागून कुणीतरी शिटी मारली. “अण्णा, बॅटरी बदला की.” पण चौथ्या कुस्तीला नांदणीचा एक पोरगेला गडी उताणा पडता पडता पालथा झाला आणि रंगराव खाली वाकून, जणू त्या एकट्याच्या कानात सांगावं तसा, त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, “दम खा लेकरा. दम खा. कुणी बघत न्हाई.” हजारो माणसं बघत होती. ती एकदम गप्प झाली. मग बाबूची हलगी वाजली, हळू. त्यानंतर कुणी शिटी मारली नाही.

मैदान संपलं तेव्हा ऊन कलत होतं. रंगराव लोकांच्या घोळक्यात होता. पारीसा आणि सुलाबाई उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभे होते.

“जमलं,” पारीसा म्हणाला.

“जमलं.” तिनं ग्लास खाली ठेवला. “भावजी, शेवटच्या कुस्तीला तुमी ऐकलं का? सकाळी हाक मारली तवा खाकरलं हुतं. मगाशी मला बोलावलं, पाणी दे म्हणून, तवा न्हाई खाकरलं.”

पारीसानं ऐकलं होतं. तिसऱ्या कुस्तीनंतरच ऐकलं होतं. आवाज थोडा सरळ झाला होता, थोडा पुढं जात होता. पट्टी आपलं काम करत होती.

“शिकतीया ती,” तो म्हणाला.

“शिकायचं बंद करता येतंय का?”

झाडात शिकण्याचीही एक डहाळी होती. सकाळी भिंगानं वाचली होती. तिच्यावर चालू असं लिहिलं होतं. एक शब्द बदलायचा, बास.

“येतंय,” पारीसा म्हणाला. “पण मग जे शब्द ठावं हायत तेवढंच नीट बोलंल. नवीन नाव आलं की ते कारखान्यावानी, तुकडं तुकडं. जसं त्या दानोळीच्या गड्याचं केलं, तसं कायमचं.”

सुलाबाईच्या लेकीला, विद्याला, सातवा महिना होता. सकाळपासून हे तिनं दोनदा सांगितलं होतं, एकदा पारीसाला आणि एकदा दस्तगीरला. मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं हे घरात अजून ठरलं नव्हतं, भांडणं चालू होती.

समोरून रंगराव फेटा हातात घेऊन येत होता. दोघांकडं बघून तो लांबूनच म्हणाला, “काय ठरतंय तुमचं?”

सुलाबाई पारीसाकडं वळली आणि हळू आवाजात म्हणाली, “तुमीच सांगा भावजी. त्येंनी मला कसं बोलवायचं, का विद्याच्या पोराला कसं बोलवायचं? ह्ये आता त्येंना कोण विचारणार?”